मानेतील गाठ आणि हॉजकिनचा रोग

मराठीत 'गाठ' या शब्दाचे अर्थ अनेक आहेत. दोऱ्याला गाठ पडते, माणसांची गाठ पडते, एखादी गोष्ट विसरू नये म्हणून मनाशी खूणगाठ बांधली जाते. परंतु अंगावर उठणारी गाठ या सर्वांहून निराळी होय. ती दिसली की घरातील माणसे बहुधा दोन टोकांना जातात. काही जण 'जाईल आपोआप' असे म्हणून तिच्याकडे डोळेझाक करतात, तर काही जण भीतीने गर्भगळित होतात. या दोन्ही वृत्तींच्या मुळाशी अज्ञानच असते. म्हणून ज्या रोगाची पहिली खूण बहुधा मानेतील गाठ हीच असते, जो ऐन तारुण्यात माणसाला गाठतो आणि जो वेळीच ओळखला तर बहुतेक बरा होतो, अशा एका रोगाची ओळख आम्ही येथे करून देणार आहोत. त्याचे नाव हॉजकिनचा रोग किंवा हॉजकिन लिम्फोमा.

हा रोग समजण्यापूर्वी आपल्या शरीरातील एक व्यवस्था समजून घेतली पाहिजे. रक्ताच्या वाहिन्या सर्वांना ठाऊक असतात; परंतु त्यांच्या जोडीने दुसऱ्याही बारीक वाहिन्यांचे जाळे शरीरभर पसरलेले आहे. त्यांतून लसिका नावाचा पाण्यासारखा पातळ द्रव वाहतो. शेतातील जादा पाणी चरांतून ओढ्याकडे जावे, त्याप्रमाणे ऊतकांत झिरपलेला द्रव या वाहिन्यांतून पुन्हा रक्तात जातो. वाटेत ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्यासारख्या लहान ग्रंथी असतात. मान, काख आणि जांघ येथे त्या पुष्कळ असून छातीत व पोटातही त्यांचे पुंजके आहेत. या लसिका ग्रंथी म्हणजे शरीराच्या चौक्याच होत. लसिकेतून आलेला रोगजंतू येथे अडवला जातो आणि लसिकापेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी झुंज देतात. प्लीहा, जिला आपल्याकडे पाणथरी म्हणतात, तीही याच व्यवस्थेतील आहे.

चौकीवर चकमक झाली की तेथे गर्दी होते, तद्वतच ग्रंथी सुजते. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावयास नको. घसा आला, दात किडला किंवा डोक्यात उवांमुळे फोड झाले, तरी मानेत गाठी येतात. अशा गाठी दुखतात, दाबल्या तर कळ येते आणि मूळ दुखणे बरे झाले की दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. मुलांच्या मानेतील बहुसंख्य गाठी अशाच निरुपद्रवी असतात. तेव्हा गाठ दिसताच घाबरून जाण्याचे कारण नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे.

हॉजकिनच्या रोगात मात्र चौकीतील शिपाईच बिघडतो. लसिकापेशींपैकी 'बी' जातीच्या एका पेशीच्या अंतर्रचनेत बिघाड होतो. तिने ठरल्या वेळी मरावयाचे ते ती मरत नाही आणि आपल्यासारख्या पेशी वाढवीत राहते. चमत्कार असा की, या रोगाच्या गाठीत खऱ्या रोगपेशी फार थोड्या, पुष्कळदा शंभरात एखादी, असतात. बाकीची सारी गर्दी त्यांनी भोवती गोळा केलेल्या साध्या पेशींची असते. म्हणजे गाठ मोठी, पण गुन्हेगार मूठभर! ही रोगपेशी हुडकणे सोपे नसते ते याचमुळे.

या रोगाला ज्यांचे नाव मिळाले ते डॉ. टॉमस हॉजकिन १७९८ साली लंडनजवळ एका क्वेकर पंथीय कुटुंबात जन्मले. लंडनच्या गाय रुग्णालयात मृतदेहांची तपासणी करणे व तेथील संग्रहालय सांभाळणे हे त्यांचे काम होते. १८३२ साली त्यांनी सात रोग्यांची हकीकत एका वैद्यकीय सभेपुढे मांडली. या सर्वांच्या लसिका ग्रंथी व प्लीहा वाढलेल्या होत्या, आणि ती वाढ दुसऱ्या कोणत्या दुखण्यामुळे आलेली नसून ग्रंथींचाच तो मूळ रोग असावा, असे त्यांचे म्हणणे होते. हे निरीक्षण त्यांनी नुसत्या डोळ्यांनी केले होते. त्या वेळी त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे त्याच रुग्णालयातील डॉ. सॅम्युएल विल्क्स यांनी स्वतंत्रपणे असेच रोगी पाहिले; परंतु आपल्याआधी हॉजकिन यांनी हे लिहून ठेवले आहे असे कळताच त्यांनी १८६५ साली या रोगाला हॉजकिन यांचेच नाव दिले. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देण्याचा हा मोठेपणा विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावा. हॉजकिन हे केवळ वैद्य नव्हते. साम्राज्याच्या पसाऱ्यात भरडल्या जाणाऱ्या निरनिराळ्या देशांतील मूळ रहिवाशांची बाजू त्यांनी आयुष्यभर घेतली. १८३७ साली रुग्णालयातील बढती त्यांना नाकारण्यात आली. १८६६ साली पॅलेस्टाइनमधील याफा येथे ते मरण पावले. १९२६ साली गाय रुग्णालयात जपून ठेवलेले त्यांचे जुने नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा त्यांतील काहींत खरोखरच तो रोग आढळला. जवळजवळ शंभर वर्षांनी साध्या डोळ्यांच्या निरीक्षणाला अशी साक्ष मिळाली.

या रोगाची खरी ओळख पटविली ती सूक्ष्मदर्शकाने. १८९८ साली ऑस्ट्रियातील कार्ल स्टर्नबर्ग यांनी आणि १९०२ साली अमेरिकेतील डोरोथी रीड या तरुण स्त्री-डॉक्टरने गाठीतील एका विशिष्ट पेशीचे वर्णन केले. ही पेशी आकाराने मोठी असते, तिच्यात दोन केंद्रके असतात आणि प्रत्येकात एक ठळक ठिपका असतो. घुबड आपल्याकडे टक लावून पाहत आहे असाच भास होतो! तिला आज रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात. स्टर्नबर्ग यांना हा क्षयाचाच एक प्रकार वाटला होता. रीड यांनी मात्र पुराव्यानिशी दाखविले की हा क्षय नव्हे, हा स्वतंत्र रोग आहे.

वाचकांना वाटेल की, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा वाद आता उकरून काढण्याचे कारण काय? कारण असे की, पुस्तकात मिटलेला तो वाद गावोगाव अद्याप मिटलेला नाही. आपल्या देशात क्षय पुष्कळ आहे आणि तो फुप्फुसांप्रमाणेच मानेतील ग्रंथींनाही होतो. त्यालाच आपण गंडमाळ म्हणतो. गंडमाळेत गाठ येते, ताप येतो, वजन उतरते, रात्री घाम सुटतो. आणि हॉजकिनच्या रोगातही नेमके हेच होते. त्यामुळे मानेत गाठ व अंगात ताप दिसला की, तपासणी न करता क्षयाची औषधे सुरू होतात, आणि महिनेच्या महिने ती घेऊनही गाठ वाढतच राहते. उलट खरोखर क्षय असताना कर्करोगाच्या भयाने झाडपाल्यामागे धावणारेही असतात. दोन्ही रोग बरे होणारे आहेत. पण एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. मध्ये वाया जातो तो काळ, आणि या रोगात काळ हेच भांडवल आहे.

मग संशय घ्यावा तरी केव्हा? हॉजकिनच्या रोगातील गाठ बहुधा दुखत नाही. हाताला ती रबरासारखी घट्ट पण लवचिक लागते. घसा, दात, डोके यांचे काही दुखणे नसताना ती येते, आणि तीन-चार आठवडे उलटले तरी ओसरत नाही. उलट तिच्या शेजारी दुसरी उठते. गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात आलेली गाठ तर केव्हाही दुर्लक्षू नये. छातीतील ग्रंथी वाढल्या तर कोरडा खोकला येतो, दम लागतो. काहींच्या सर्वांगाला खाज सुटते. याशिवाय तीन लक्षणांना डॉक्टर विशेष महत्त्व देतात: कारण न कळता येणारा ताप, अंथरूण भिजेल असा रात्रीचा घाम, आणि सहा महिन्यांत वजनाचा दहावा हिस्सा घटणे. हा रोग कोणत्याही वयात होतो. तथापि पंधरा ते पस्तीस या वयात आणि पुन्हा पंचावन्न वर्षांनंतर तो अधिक दिसतो. आपल्या देशात लहान मुलांतही तो आढळतो. तो का होतो याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. १९६४ साली शोध लागलेल्या एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूचा अंश पुष्कळ रोग्यांच्या रोगपेशींत सापडतो. परंतु हा विषाणू जगातील बहुतेक माणसांच्या शरीरात असतो आणि त्यांतील फारच थोड्यांना हा रोग होतो.

निदानाचा मार्ग एकच: गाठीचा तुकडा, शक्य तर संपूर्ण गाठ, काढून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. यालाच बायॉप्सी म्हणतात. बारीक सुईने ओढलेल्या चार पेशींवर येथे भागत नाही, कारण शंभरात एक असणारी रोगपेशी सुईत येईलच असे नाही. 'गाठीला सुरी लागली की रोग पसरतो' अशी एक समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. या रोगाच्या बाबतीत ती सर्वस्वी निराधार आहे. सुरीने रोग पसरत नाही. सुरी टाळल्याने मात्र तो खचित पसरतो, कारण त्याला तेवढा वेळ मिळतो. तपासणीपूर्वीच स्टेरॉइड जातीची औषधे घेणेही घातक होय. त्यांनी गाठ काही काळ दबते आणि निदान चुकण्याचा संभव वाढतो.

निदान झाल्यावर रोग कोठवर गेला आहे हे पाहतात. १९७१ साली अमेरिकेतील ॲन आर्बर येथे भरलेल्या परिषदेत यासाठी चार पायऱ्या ठरविण्यात आल्या, आणि थोड्याफार फेरफाराने त्याच आजही वापरात आहेत. ग्रंथींच्या एकाच भागात रोग असेल तर पहिली. छाती आणि पोट यांमधील श्वासपटलाच्या एकाच बाजूस दोन किंवा अधिक भागांत असेल तर दुसरी. पटलाच्या दोन्ही बाजूंस असेल तर तिसरी. आणि यकृत, फुप्फुस, अस्थिमज्जा अशा ग्रंथींबाहेरच्या अवयवांत पसरला असेल तर चौथी. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. इतर अनेक कर्करोगांत चौथी पायरी म्हणजे आशा संपल्याची खूण समजतात. हॉजकिनच्या रोगात तसे नाही. चौथ्या पायरीचे पुष्कळ रोगीही बरे होतात.

हे आज लिहिता येते, पूर्वी येत नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा रोग म्हणजे मृत्यूच, अशीच वैद्यांची समजूत होती. १९५० साली टोरांटोच्या डॉ. व्हेरा पीटर्स यांनी दाखवून दिले की, रोग थोडक्या जागेत असताना त्यावर व शेजारच्या ग्रंथींवर क्ष-किरणांचा नीट मारा केला तर अनेक रोगी कायमचे बरे होतात. पुढे स्टॅनफर्ड येथील डॉ. हेन्री कॅप्लान यांनी अधिक शक्तिमान यंत्राने हे उपचार पुष्कळ सुधारले. परंतु रोग सर्वत्र पसरला असेल तर किरण कोठे कोठे टाकणार? तेथे रक्तातून सर्वत्र पोचणारे औषधच हवे. पहिल्या महायुद्धातील मस्टर्ड नावाच्या विषारी वायूच्या कुळातील एक द्रव्य लसिकापेशी मारते असे १९४० नंतरच्या दशकात आढळले होते. पण एकट्या औषधाचा गुण फार दिवस टिकत नसे. १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील डॉ. व्हिन्सेंट डेविटा व त्यांचे सहकारी यांनी चार औषधे एकत्र देण्याचे धाडस केले. १९७० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात ४३ रोग्यांपैकी ३५ जणांचा रोग दिसेनासा झाला होता. त्यानंतर इटलीतील मिलान येथील डॉ. जान्नी बोनादोन्ना यांनी चार निराळ्या औषधांची योजना १९७५ साली मांडली. औषधांच्या रोमन आद्याक्षरांवरून तिला 'एबीव्हीडी' म्हणतात. पहिलीपेक्षा ती अधिक गुणकारी व कमी त्रासदायक ठरली, आणि आज आपल्या देशात या रोगाचा मुख्य आधार तीच आहे.

या चार औषधांची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. पहिले, डॉक्सोरुबिसिन, इटलीतील एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत राहणाऱ्या सूक्ष्म जीवापासून मिळाले. ते रंगाने लालभडक असते. दुसरे, ब्लिओमायसिन, जपानमधील डॉ. हामाओ उमेझावा यांनी तशाच एका सूक्ष्म जीवापासून मिळविले. चौथे, डकार्बझिन, प्रयोगशाळेत तयार झाले. आणि तिसरे, व्हिनब्लास्टिन? त्याची जननी आपल्या अंगणातच उभी आहे. ती म्हणजे सदाफुली! आपले तेलुगू शेजारी तिला बिळ्ळ गन्नेरु म्हणतात. इचोड्यात गुलाबी-पांढऱ्या फुलांचे हे झुडूप कोणाच्या ना कोणाच्या दारी दिसतेच. मूळची ती मादागास्कर बेटातली. तिच्या पाल्याने मधुमेह हटतो अशी समजूत जमैका बेटात होती, म्हणून तेथून काही पाने कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोचली. उंदरांना अर्क देऊन पाहिला तर साखर काही उतरेना, पण उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. जे पांढऱ्या पेशी घटविते ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर चालणार नाही काय, असा विचार त्यांनी केला, आणि डॉ. चार्ल्स बिअर यांच्या साह्याने १९५८ साली व्हिनब्लास्टिन वेगळे काढले. पेशीचे दोन भाग होताना आतील तंतूंची जी जुळणी व्हावी लागते, ती हे औषध मोडून टाकते. तथापि कोणी सदाफुलीची पाने चावून रोग बरा करू पाहील तर ते आत्मघातकी ठरेल. पानांत हे द्रव्य इतके अल्प असते की एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो पाला लागतो, आणि त्यात इतर विषेही असतात. झाडात औषध आहे हे खरे. पण झाड म्हणजे औषध नव्हे.

भारतातील या उपचारांचा विचार करताना मुंबईतील परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाचे नाव अपरिहार्यपणे येते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. टाटा यांच्या विश्वस्त निधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले, आणि १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. रोगविज्ञानाचे भारतातील आद्य अध्वर्यू डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी येथेच काम केले. १९९३ ते १९९६ या काळात येथे हॉजकिनच्या २५१ रोग्यांना एबीव्हीडीचे सहा फेरे देण्यात आले. त्यांपैकी १७९ जणांचा रोग पूर्ण दिसेनासा झाला. आता प्रश्न असा होता की, या बऱ्या दिसणाऱ्यांना वरून किरणोपचार द्यावेत की नाहीत? चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. ८४ जणांना पुढे काही दिले नाही, ९५ जणांना किरण दिले. आठ वर्षांच्या हिशेबात पहिल्या गटात शेकडा ८९ जिवंत राहिले, तर दुसऱ्यात शेकडा १००. २००४ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष जगभर चर्चिला गेला. सर्वांनाच किरण हवेत असा त्याचा अर्थ नाही. छातीवर पडलेल्या किरणांमुळे कित्येक वर्षांनी हृदयरोग किंवा दुसरा कर्करोग उद्भवू शकतो, म्हणून विशेषतः मुलांत व तरुण मुलींत त्यांचे प्रमाण आता शक्य तितके कमी ठेवतात. कोणाला काय द्यावे हे वय, पायरी आणि गाठीचा आकार पाहून ठरते.

प्रत्यक्ष उपचार कसे चालतात? एबीव्हीडी शिरेतून देतात. चार आठवड्यांचा एक फेरा, त्यात पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वेळा औषध. रोगाच्या पायरीप्रमाणे दोन ते सहा फेरे लागतात. दोन फेऱ्यांनंतर पेट नावाच्या तपासणीने रोगपेशी जिवंत आहेत की नाहीत हे पाहता येते, आणि त्यावरून पुढील औषध कमी-अधिक करतात. उपचारांचा त्रास होतो, हे लपवून उपयोग नाही. मळमळते, थकवा येतो, केस गळतात. पण केस पुन्हा उगवतात. पांढऱ्या पेशी घटल्यामुळे या दिवसांत जंतूंची बाधा चटकन होते, म्हणून ताप आला तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खोकला व दम यांकडेही लक्ष ठेवावे, कारण ब्लिओमायसिन फुप्फुसांना क्वचित इजा करते. परंतु सर्वांत मोठा धोका औषधांचा नाही. तो अर्धवट उपचारांचा आहे. एक-दोन फेऱ्यांतच गाठ विरघळते. घरी वाटते, रोग गेला. कापूस वेचणीचे दिवस असतात, मजुरी बुडत असते, गाडीभाडे जड होते. आणि पुढची खेप चुकते. वर उपटलेल्या पण मुळाशी राहिलेल्या हरळीप्रमाणे रोग पुन्हा फुटतो, आणि दुसऱ्या वेळी तो अधिक चिवट असतो. ठरलेले सर्व फेरे वेळेवर पुरे करणे हाच या उपचारांचा प्राण होय.

रोग उलटला तरीही वाट बंद होत नाही. अधिक तीव्र औषधे देऊन, रोग्याच्याच रक्तातून आधी काढून ठेवलेल्या मूळपेशी त्याला परत देण्याचा उपचार आहे. रोगपेशी हुडकून तिच्यातच विष सोडणारे ब्रेंटुक्सिमॅब हे औषध २०११ पासून वापरात आले. जपानचे तासुकू होंजो यांनी १९९२ साली लसिकापेशीवरील एका 'लगामा'चा शोध लावला. तो लगाम सैल करून शरीराच्या शिपायांनाच रोगावर सोडणारी औषधेही आता आहेत. या विषयातील संशोधनासाठी होंजो आणि जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही नवी औषधे महाग आहेत. सुदैवाने मूळच्या एबीव्हीडीने भागणारे रोगीच अधिक असतात. आरंभीच्या पायऱ्यांत पूर्ण उपचार मिळालेल्या दर शंभरांपैकी सुमारे नव्वद रोगी बरे होतात.

इचोड्यासारख्या गावी राहणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न उरतोच. महिनाभर न ओसरणारी गाठ सरकारी दवाखान्यात दाखवावी, आणि आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात तपासून घ्यावी. पुढील उपचारांसाठी आपले गाव मोठ्या हमरस्त्यावर आहे: दक्षिणेस निर्मल, कामारेड्डी करीत हैदराबादेस जावे तर तेथे सरकारी मेहदी नवाज जंग कर्करोग संस्था आहे, उत्तरेस पैनगंगा ओलांडून नागपुरास जावे तर तेथे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. तेलंगणाच्या आरोग्यश्री योजनेतून पात्र कुटुंबांना कर्करोगाच्या उपचारांचे साह्य मिळते. त्याची चौकशी पहिल्याच भेटीत करावी. शेत गहाण टाकण्यापूर्वी ही वाट विचारावी.

शेवटी विद्यार्थिमित्रांना एवढेच सांगावयाचे आहे. हा रोग स्पर्शाने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, एका वहीवर लिहिल्याने तो लागत नाही. तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे, की घराण्याला लागलेला कलंक नव्हे. वर्गातील एखादा मित्र किंवा मैत्रीण उपचार घेऊन केस गेलेल्या डोक्याने शाळेत परत आली, तर तिच्याकडे टक लावून न पाहता तिला बुडालेल्या धड्यांची वही द्यावी. बरे झालेले रोगी शिकतात, नोकरी करतात, त्यांचे विवाह होतात, त्यांची मुलेबाळे होतात. वर्षातून ठरल्याप्रमाणे तपासणी करून घेतली म्हणजे झाले. गाठ लपवू नये, तपासणीस भिऊ नये आणि उपचार अर्धवट सोडू नये, या तीन गोष्टींची खूणगाठ आपण सर्वांनी मनाशी बांधली, तर आपल्या गावातील एखादा तरुण जीव तेवढ्यानेही वाचेल.